जोडीतली रॅम, जोडलेली रॅम

पुण्यात असेंबल केलेल्या कॉम्प्युटरची वाढ बहुतेक घरांत एकाच वाटेने होते. पहिल्या खरेदीत पैशांचा मोठा वाटा प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला जातो, रॅमच्या बाबतीत हात आखडता घेतला जातो आणि ‘लागली तर पुढे वाढवू’ असे ठरते. पुढे ती लागतेच. इंजिनीअरिंगच्या मुलाला एका वेळी दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची असतात, आर्किटेक्चरच्या मुलीचे रेंडर रात्रभर रेंगाळते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याची टाइमलाइन फोर-के फुटेजला अडखळते. मग तपकीर गल्लीत, नाहीतर मुंबईला जाणे झालेच तर लॅमिंग्टन रोडला, चौकशी होते.

“दादा, आधीची आठ जीबी आहे, ३२०० बसची. तशीच अजून एक द्या.”

“तशीच आहे साहेब. कंपनी तीच, बस तीच. लावा बिनधास्त, चालेल.”

दुकानदार खोटे बोलत नाही. बहुतेक वेळा नवी रॅम लागते, मशीन सुरू होते, विंडोज १६ जीबी दाखवते. पण लेबलवरचे दोन-तीन आकडे जुळले म्हणून दोन रॅम आतून सारख्या ठरत नाहीत. आणि मशीन सुरू झाले म्हणून ते माहिती अचूक सांभाळते आहे असेही ठरत नाही. यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

रॅममध्ये माहिती राहते तरी कशी? आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचलेली आणि १९६८ साली पेटंट मिळालेली रचना आजही मुळात तीच आहे: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा कपॅसिटर इतका सूक्ष्म असतो की त्यातला भार सारखा झिरपत राहतो. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले की गळती वाढते आणि हीच भरणी दुप्पट वेगाने करावी लागते. आपण फाइल उघडून नुसते बसलो असलो तरी हे काम अखंड चालू असते.

या सगळ्याचे वेळापत्रक सांभाळतो तो मेमरी कंट्रोलर. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ साली अॅथलॉन ६४ बरोबर आणि इंटेलने २००८ साली नेहेलेमबरोबर तो घरगुती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या आत नेला. ओळ उघडण्याचा हुकूम दिल्यावर किती थांबायचे, स्तंभ मागितल्यावर डेटा यायला किती थांबायचे, ओळ बंद करायला किती वेळ द्यायचा, हे त्याला ठाऊक असावे लागते. रॅमच्या खोक्यावर १६-१८-१८-३६ असे जे आकडे असतात ते हेच. ते नॅनोसेकंदांत नसून क्लॉकच्या ठोक्यांत दिलेले असतात, म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. ३२०० वेगाच्या रॅमचा क्लॉक असतो १६०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल १६, म्हणजे स्तंभ मागितल्यावर डेटा यायला सोळा ठोके, याचा अर्थ १० नॅनोसेकंद. तोच वेग, पण सीएल २२ असेल तर १३.७५ नॅनोसेकंद. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘३२००’ छापलेले असते आणि काउंटरवर दोन्ही ‘सेम बस’ असतात.

आता लेबल जवळून पाहू. डीडीआर४ च्या साध्या, हिरव्या, पत्रा नसलेल्या एखाद्या स्टिकवर बारीक अक्षरांत ‘८जीबी १आर×८ पीसी४-३२००एए-यूए२-११’ अशा धाटणीची ओळ असते. ‘१आर’ म्हणजे एक रँक, अर्थात एकाच वेळी मिळून ६४ बिट देणारा चिपांचा एक गट. ‘×८’ म्हणजे त्यातली प्रत्येक चिप ८ बिट देते, म्हणून अशा आठ चिप. ‘१आर×१६’ असेल तर चार चिपांतच काम भागवलेले असते. ‘३२००एए’ हा वेगाचा वर्ग, त्यात सीएल २२. ‘यू’ म्हणजे घरगुती डेस्कटॉपची साधी रॅम. तिथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. जुन्या सर्व्हरांमधून निघालेली अशी डीडीआर४ रॅम स्वस्तात मिळते, घरच्या मदरबोर्डच्या खाचेत बसतेही, पण तिच्यावर घरचे मशीन चालत नाही. एवढी एक ओळ वाचता आली तरी अर्ध्या चुकीच्या खरेद्या टळतील, म्हणून आपल्या जुन्या स्टिकचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन मगच दुकानात जावे.

लेबलवर न दिसणारी गोष्ट मात्र त्याहून मोठी. जगातली बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. बाकीचे बरेच ब्रँड त्यांच्याकडून चिप घेऊन स्टिक तयार करतात. आज ज्या मॉडेलमध्ये हायनिक्सची चिप आहे, त्याच मॉडेलमध्ये सहा महिन्यांनी मायक्रॉनची असू शकते. खोके तेच, मॉडेल नंबरही तोच. कोर्सेर कंपनीच्या बऱ्याच स्टिकांच्या लेबलवर ‘व्हर’ असे लिहून पुढे एक आकडा दिलेला असतो. त्याचा पहिला अंक ३ असेल तर चिप मायक्रॉनची, ४ असेल तर सॅमसंगची, ५ असेल तर हायनिक्सची. स्वेटर विणणाऱ्या बायका लक्ष्मी रोडवर लोकर घेताना नुसता शेड नंबर बघत नाहीत, रंगाचा लॉटही बघतात आणि लागतील तेवढे सगळे गुंडे एकदम उचलतात, कारण दुसऱ्या लॉटचा गुंडा लावला की पाठीवर रेघ उमटते. रॅमच्या खरेदीत हीच दक्षता हवी.

दोन किंवा चार स्टिकांचा संच म्हणून जी रॅम विकली जाते ती एकत्र तपासलेली असते. ‘या चार स्टिक मिळून या वेगाला, या व्होल्टेजला चालतील’ ही हमी त्या खोक्यापुरती असते. त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे दोन खोके आणून चार खाचा भरल्या तर ती हमी दोन्ही खोक्यांना मिळून लागू होत नाही. कोर्सेर आणि जी-स्किल यांसारख्या कंपन्या वेगवेगळे संच मिसळू नका असे ग्राहकांना सांगतात. तो विक्री वाढवण्याचा डाव आहे असे अनेकांना वाटते. माझ्या मते तो प्रामाणिक सल्ला आहे.

पुण्यात नेहमी दिसणारे एक मिश्रण तपशिलात पाहू. मशीन घेताना आलेली स्टिक साधी होती: ३२००, सीएल २२, १.२ व्होल्ट. हा जेईडेक या प्रमाणसंस्थेने ठरवलेला वेग. तो कोणतेही सेटिंग न बदलता मिळतो. नंतर सेलमध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा लावलेली, रंगीत दिव्यांची स्टिक घेतली: ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट. या दुसरीचा ३२०० हा जाहिरातीतला वेग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो. इंटेलने ही पद्धत २००७ मध्ये आणली. एएमडीची तशीच ‘एक्स्पो’ ही पद्धत २०२२ ची. प्रोफाइल बंद असताना अशी स्टिक बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ लाच चालते. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ मध्ये तिची जागा ५१२ बाइट. त्यात त्या स्टिकचे सगळे वेळापत्रक लिहिलेले असते. मशीन सुरू होताना बायोस दोन्ही स्टिकांची एसपीडी वाचते आणि दोघींना झेपेल असा वेग निवडते. परिणामी ३२०० ची जुनी स्टिक आणि ३२०० ची नवी स्टिक मिळून २४०० ला चालू लागतात, आणि मालकाला वाटते की दुकानदाराने फसवले.

मग कुणीतरी सांगते, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन कर. प्रोफाइल असते नव्या स्टिकमध्ये, पण कंट्रोलर ते दोघींना लावतो. जुन्या स्टिकला आता १३.७५ ऐवजी १० नॅनोसेकंदांत उत्तर द्यायचे असते, तेही तिच्या प्रमाणापेक्षा जास्त व्होल्टेजवर, आणि तसे चालण्याची हमी तिच्या कंपनीने कधीच दिलेली नसते. तिच्यातल्या चिप सरस निघाल्या तर ती हे निभावून नेते. नाही निघाल्या तर एकतर पडदा काळा राहतो, किंवा मशीन सुरू होते आणि अधूनमधून चुकते. काळा पडदा परवडला. बायोस रिसेट केली की प्रश्न मिटतो. अधूनमधून चुकणारे मशीन मात्र धोक्याचे.

एका चिपची दुसरीशी एवढी जुळणी का लागते, हे समजायला मदरबोर्डवरच्या तारांकडे पाहावे लागते. ३२०० वेगाला एका तारेवरचा एक बिट ३१२.५ पिकोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात बोर्डाच्या तांब्यातून जाणारा संकेत जेमतेम पाच सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या वाटेवर एका वेळी एकाहून जास्त बिट धावत असतात. एका चॅनलवर, म्हणजे कंट्रोलरकडून निघणाऱ्या तारांच्या एका गटावर, दोन खाचा असतील तर दोन्ही स्टिक त्याच तारांवर टांगलेल्या असतात, एकमेकींपासून सुमारे सेंटिमीटरभर अंतरावर. एक बोलत असताना दुसरी गप्प असली तरी ती तारेला जोडलेली असतेच. तिच्याकडून संकेत थोडा परावर्तित होतो आणि मूळ संकेतात मिसळतो. मशीन सुरू होताना कंट्रोलर प्रत्येक तारेवर चाचणीचे संकेत पाठवून कुठे किती विलंब धरायचा ते ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा हे व्हायला काही मिनिटे लागू शकतात. पडदा काळा पाहून घाबरून बटण दाबणारे अनेक जण ते अर्ध्यावर तोडतात. नवी रॅम लावल्यावर थोडा धीर धरावा.

पुण्याच्याच एका प्रसिद्ध यंत्राशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर प्रोसेसर होते, आणि प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती. एका नोडला दुसऱ्याकडची माहिती हवी असली तर निरोप पाठवून मागायची. त्यामुळे एका नोडच्या मेमरीची चाल शेजारच्या नोडच्या मेमरीशी नॅनोसेकंदापर्यंत जुळण्याची गरज नव्हती. घरच्या डेस्कटॉपमध्ये ही मुभा नाही. एका चॅनलवरच्या दोन्ही स्टिक एकाच कंट्रोलरच्या, एकाच तारेच्या आणि एकाच वेळापत्रकाच्या असतात. टाटांच्या पुण्यातल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत ११७.९ टेराफ्लॉप्ससह चौथा आला. तो एचपीच्या एकाच प्रकारच्या ब्लेड सर्व्हरांचा होता. मोठ्या यंत्रांत सारखेपणा आधीच ठरवून विकत घेतला जातो. घरी तो हप्त्याहप्त्याने जमवावा लागतो, आणि तिथेच गाडी अडते.

अधूनमधून चुकणारी रॅम नेमके काय करते? एक बिट उलटतो. तो ब्राउझरच्या मेमरीत असेल तर टॅब बंद पडतो. विंडोजच्या गाभ्यात असेल तर निळा पडदा येतो आणि त्यावर बऱ्याचदा मेमरी मॅनेजमेंटचा उल्लेख असतो. हे दोन्ही दिसतात तरी. पण समजा, लग्नाचे फोटो एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी होत आहेत आणि वाटेत रॅममध्येच एक बिट बदलला. डिस्कला काहीच कळत नाही; ती चुकलेली माहिती इमानदारीने लिहून ठेवते. वर्षभराने फोटो उघडला की खालच्या अर्ध्या भागात करडा पट्टा दिसतो. झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक येते. सीएच्या ऑफिसात ३१ मार्चच्या रात्री जपलेली फाइल एप्रिलमध्ये उघडत नाही. दोष डिस्कला, व्हायरसला, विंडोजला दिला जातो, फॉरमॅट मारले जाते आणि चूक परत येते. गूगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकांमध्ये कधी ना कधी चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरांत चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती, म्हणून ती नोंदता तरी आली. घरच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सोय नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची थोडी व्यवस्था आहे, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. आणि मिसळलेल्या रॅमचा कमकुवत दुवा बऱ्याचदा नेमका तिथेच असतो.

म्हणून रॅम वाढवली की ती तपासलीच पाहिजे. यात माझे मत ठाम आहे. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून मशीन त्यावरून सुरू करावे. दोन्ही फुकट मिळतात. आधी एक्सएमपी बंद ठेवून सगळ्या स्टिक लावून तपासावे, मग हवे असेल तर चालू करून. निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात, रात्रभर चालू ठेवले तर उत्तम. चुकांचा आकडा शून्यच हवा. ‘दोनच आल्या’ हे उत्तर चालणार नाही. चूक आली तर एकेक स्टिक एकटी लावून पाहावी. प्रत्येक स्टिक एकटी निर्दोष असेल आणि एकत्र लावल्यावरच चुका येत असतील तर रॅम खराब नाही, जुळणी खराब आहे. अशा वेळी वेग एक पायरी खाली आणावा आणि पुन्हा तपासावे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि कॅबिनेटच्या आत चार स्टिक अंगाला अंग लावून उभ्या असतात. हिवाळ्यात शून्य चुका देणारे मशीन मे महिन्यात चुकू शकते, कारण कपॅसिटरची गळती तापमानाबरोबर वाढते. उन्हाळ्यात एकदा पुन्हा तपासायला काही खर्च येत नाही.

दुरुस्तीवाले अशा तक्रारीवर पहिला उपाय करतात तो खोडरबराचा: स्टिक काढायची, सोनेरी पिना खोडरबराने पुसायच्या, परत बसवायची. बऱ्याचदा याने खरोखर फरक पडतो, कारण धूळ आणि पावसाळ्यातली ओल यांनी संपर्क बिघडलेला असतो. फक्त रबराचा चुरा खाचेत जाऊ देऊ नये, आणि स्टिक बसवताना खटका पडेपर्यंत दाबावी.

कोणती स्टिक कुठे, यालाही महत्त्व आहे. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. दोन्ही चॅनल भरले की डीडीआर४-३२०० ला सेकंदाला ५१.२ जीबी एवढी कमाल वाट मिळते. एकच चॅनल भरला तर २५.६. शेजारशेजारच्या खाचांत दोन स्टिक लावून निम्मी वाट गमावलेली मशीन आजही सर्रास दिसतात. दोन वेगळे संच मिसळायचे असतील तर प्रत्येक संचातली एक-एक स्टिक दोन्ही चॅनलांत वाटून द्यावी, म्हणजे दोन्हीकडे सारखी रॅम येते. आठ आणि सोळा जीबीची जोडी लावली तरी इंटेलच्या बोर्डांवर फारसे बिघडत नाही: दोन्हीकडचे आठ-आठ जीबी दुहेरी वाटेने चालतात आणि उरलेले आठ एकेरी. डीडीआर४ आणि डीडीआर५ मात्र एकत्र येऊच शकत नाहीत. दोन्हींना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते.

डीडीआर५ मध्ये तर चार स्टिकांचा मोहच सोडावा. एएमडीने रायझन ७००० साठी दिलेले अधिकृत आकडे बोलके आहेत: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. ही एकाच संचातल्या स्टिकांचीही मर्यादा आहे. वेगळे संच मिसळणे पुढचे. म्हणून आज नवे मशीन घेणाऱ्याला माझा आग्रह असतो की चार खाचा दिसल्या तरी दोनच भरायच्या आणि पुढची तीन-चार वर्षे पुरेल एवढी रॅम पहिल्याच दिवशी दोन स्टिकांच्या संचात घ्यायची. ८ जीबीची एक घेऊन नंतर वाढवण्यापेक्षा प्रोसेसर एक पायरी खालचा घेतलेला बरा.

ज्याच्याकडे डीडीआर४ चे जुने मशीन आहे त्याची गोष्ट वेगळी. तिथे मिसळण्यावाचून पर्याय नसतो आणि घाबरण्यासारखेही काही नसते. वेग जेईडेकच्या प्रमाणातल्या २४०० किंवा २६६६ वर ठेवून द्यावा. ऑफिसच्या कामात, कोडिंगमध्ये, बहुतेक एडिटिंगमध्ये ३२०० वरून तिथे उतरल्याचा फटका क्वचित जाणवतो. उलट रॅम अपुरी पडून विंडोज डिस्कवर धावू लागली की मशीन रांगते. हळू पण पुरेशी रॅम हा अशा वेळी चांगला सौदा आहे.

बाजाराची अवस्था पाहता ही वेळ अनेकांवर येणार आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की किरकोळ बाजारातले भाव झपाट्याने चढले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ या ब्रँडखालचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. दुकानांना माल फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच पुरवायचे ठरले. आपल्याकडच्या असंख्य मशीनांत याच ब्रँडची साधी, भरवशाची रॅम आहे. तिला जुळणारी स्टिक शोधणाऱ्यांना आता जुन्या मालाकडे वळावे लागेल. वापरलेली स्टिक घेताना विक्रेत्यासमोरच ती आपल्या मशीनमध्ये लावून मेमटेस्टची एक फेरी करून घ्यावी, आणि ‘चूक आली तर परत घेईन’ हे बिलावर लिहून घ्यावे. संच घेतला असेल तर दोन्ही स्टिक आणि खोके जपून ठेवावे. रॅमवर बऱ्याच कंपन्या दीर्घ वॉरंटी देतात, पण संचातली एक स्टिक बिघडली तरी बदलून देताना अनेक कंपन्या पूर्ण संच मागतात. एक स्टिक भावाच्या मशीनमध्ये लावून दिली असेल तर तिथून ती काढून आणावी लागते.